एकाहत्तर मीटर

४ मार्च, मंगळवार

रीळ आलं. स्पीकरची शंभर मीटर जोडतार, पारदर्शक आवरण, आतून तांबूस चमक. वेष्टनावर छापलंय — तांबं, अडीच चौरस मिलिमीटर. छापलेल्यावर मी विश्वास ठेवत नाही. टोक सोललं, तंतू मोजले: पन्नास. मायक्रोमीटरमध्ये एकेक धरून पाहिला: पाव मिलिमीटर. गुणाकार केला — २.४५. म्हणजे चोख. आठ महिन्यांत या दुकानात छापल्याप्रमाणे निघालेला हा पहिलाच माल.

मामाला सांगितलं. दुकान त्याचं. गाडीत स्पीकर बसवून घ्यायला आलेलं एक गिऱ्हाईक समोर होतं, त्याच्याकडे वळून मामा म्हणाला, आमची भाची म्हणजे चालतंबोलतं मीटर, हिच्यासमोर मी माझी उंचीसुद्धा सांगत नाही.

मिस्त्री तिथेच होते. तीस वर्षं ते इथे गाड्यांना स्पीकर बसवताहेत. वर्षभरापासून दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, छापलेलं काही वाचता येत नाही, म्हणून तर मामाने मला ठेवलं. त्यांनी नेहमीसारखं तारेचं टोक अंगठा आणि बोटाच्या चिमटीत फिरवलं. मग अख्खं रीळ दोन्ही हातांनी उचललं, परत ठेवलं.

"हलकी आहे गं पोरी."

मी म्हणाले, "मिस्त्री, तार वजनावर नाही, जाडीवर घेतात. भाजी आहे का ती?"

गिऱ्हाईक हसलं. मामाही हसला. मिस्त्री "असेल" म्हणाले आणि हात पुसत आत गेले.

भिंतीवर मी लावलेला तक्ता आहे. स्पीकर किती वॅटचा, त्याचा रोध किती, तार किती मीटर जाणार — आणि शेवटच्या रकान्यात जाडी. खाली माझी सही, पदविकेसकट. तक्त्यासमोर बोट काय करणार? मामाने त्याच्या दहा प्रती काढून प्लॅस्टिकमध्ये घातल्यात. गिऱ्हाइकाला दाखवायला बऱ्या पडतात म्हणे.

५ मार्च, बुधवार

"मॅडम, ती पक्कड देता का?" — मिस्त्री. कालपर्यंत मी "पोरी" होते. बरं झालं. कामाच्या जागी थोडं अंतर असावं.

९ मार्च, रविवार

दुकान बंद. मामाकडून किल्ली घेऊन भावोजींच्या गाडीचं काम एकटीने उरकलं. ताईचं लग्न झाल्यापासून ते मागे लागले होते. त्यांना बास हवा होता, तोही असा की, "मेहुणीबाई, सिग्नलला शेजारच्याच्या पोटातलं पाणी हललं पाहिजे." ताई म्हणाली, आधी स्वतःचं पोट सांभाळा.

अॅम्प्लिफायर चालकाच्या सीटखाली. बासचा खोका मागे डिकीत. खोक्याला पाचशे वॅट, रोध दोन ओहम, म्हणजे भर आवाजात सोळा अॅम्पिअर. तार गालिच्याखालून, डाव्या कडेने. दारातले चार स्पीकर धरून सगळ्या गाडीला किती तार लागेल ते आधी फीत लावून मोजलं — चौदा मीटर साठ. तेवढीच कापली. काम संपल्यावर जमिनीवर एक तुकडा नव्हता.

मिस्त्री दर टोकाला हाताभर तार जास्त सोडतात, गुंडाळी करून खोक्यामागे खुपसतात. का, तर "असावी." त्यांच्या या "असावी"पायी वर्षाला एखादं रीळ जात असेल.

आवाज उत्तम. पिटुकली — ताईची लेक, येत्या महिन्यात दोन वर्षांची होईल — खोक्यावर दोन्ही हात ठेवून उभी राहिली आणि तिचे गाल थरथरायला लागले. आम्ही चौघंही हसलो. मी धरून.

१३ मार्च, गुरुवार

मिस्त्री डोळ्यांच्या डॉक्टरकडे. दुपारी एका दंतवैद्यबाईंची गाडी आली, ती मीच केली. चौदा मीटर. त्या गाडीत फक्त बातम्या ऐकतात. बास नको, शब्द स्वच्छ ऐकू यावेत एवढंच. असं गिऱ्हाईक आवडतं.

मिस्त्री हल्ली माझ्यासमोर तार कापत नाहीत. मी पोचायच्या आधीच कापून ठेवलेली असते. त्यांना वाटत असेल मी मापं तपासेन. तपासलीही असती.

१६ मार्च, रविवार

भावोजी गाडी घेऊन दारात. पिटुकलीची ढकलगाडी डिकीत मावत नाही, खोका डावीकडून उजव्या कोपऱ्यात सरकवायचा. पाच मिनिटांचं काम. खोका सरकवला आणि तार चाळीस सेंटिमीटर कमी पडली.

अर्थात पडणार. मी मापातच कापली होती.

सगळी तार नव्याने ओढायची तर चारही सीटा काढाव्या लागल्या असत्या, म्हणजे तीन तास. ताई वरून जेवायला हाका मारत होती. त्यांना आमच्या दारातच थांबवून दुकानात गेले, त्याच रिळातले चाळीस सेंटिमीटर आणले, सांधा केला. पितळी नळीत दोन्ही टोकं, पक्कडीने दाबली, वर टेपचे तीन वेढे. ओढून पाहिला, हलत नाही. तो आला मागच्या डाव्या सीटखाली. गालिचा वरून बसवला.

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मिस्त्रींनी सांगितलं होतं — सांधा माणसाच्या बुडाखाली नको. मी कारण विचारलं. म्हणाले, कारण बिरण नाही, नको. कारण नसलेला नियम मी पाळत नाही.

लिहिताना लक्षात आलं: मागची डावी सीट म्हणजे पिटुकलीची खुर्ची जिथे पट्ट्यांनी बांधतात ती.

२१ मार्च, शुक्रवार

ताईचा फोन. इकडचं तिकडचं, आईचा गुडघा, पिटुकलीचे दात. मग सहज — गाडीत कसलासा वास येतो गं, गोडसर. तिला वाटतं सीटवर दूध सांडून आंबलंय. भावोजींनी झाडाच्या आकाराचा सुगंधी पुठ्ठा आणून आरशाला टांगलाय.

२३ मार्च, रविवार

आज त्यांच्याबरोबर गेले. वास मला आला नाही. पुठ्ठ्याचाच एवढा येतो की दुसरा काही असला तरी कळणार नाही.

पिटुकलीला खुर्चीत बसवलं की ती चुळबुळ करते. नवा शब्द शिकली आहे — "गलम." ताई म्हणाली, त्या खिडकीतून ऊन येतं ना, म्हणून. काचेला काळी जाळी लावली आहे. तरी "गलम." भावोजी म्हणाले, मावशीसारखी होणार ही, हिलाही तापमान मोजायला द्या.

घरी येऊन हिशेब मांडला. तांब्याची तार, अडीच चौरस, जाऊन-येऊन दहा मीटर: रोध सात शतांश ओहम. सोळा गुणिले सोळा गुणिले सात शतांश. अठरा वॅट. तेही पाच मीटर लांबीत पसरलेले, तेही सतत नाही, ठोका पडेल तेव्हा. टेबलावरचा दिवा यापेक्षा जास्त तापतो.

ताईला फोन करून सांगितलं — तारेचं काही नाही, आकडे बसतात. ती म्हणाली, अगं मी कुठे तारेचं काही म्हणाले?

खरंच. ती नव्हती म्हणाली.

२८ मार्च, शुक्रवार

भावोजींची तक्रार: अर्धा तास वाजला की बास बसतो. गाडी थोडा वेळ उभी केली की पुन्हा ठीक. मी म्हणाले, आवाज कमी ठेवा. ते म्हणाले, मग बसवला कशाला?

२९ मार्च, शनिवार

अर्धा तास वाजला की बसतो, गार झाला की उठतो. हे वाक्य रात्रभर डोक्यात. अॅम्प्लिफायर तापून आवाज कमी करत असेल. तसं होतं. बऱ्याचदा होतं.

२ एप्रिल, बुधवार

मिस्त्री उद्यापासून सुट्टीवर. एका डोळ्याची शस्त्रक्रिया, मग महिनाभर वाकायचं नाही. त्यांनी हत्यारांच्या कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. तीस वर्षांत ती किल्ली त्यांनी मामालाही दिलेली नाही, असं मामाच सांगतो.

जाता जाता दारातून वळले.

"तार लागली तर खालच्या कप्प्यातली घ्या, मॅडम."

मी म्हणाले, नवं रीळ आहे की वर. ते अंदाजाने पायरी चाचपत उतरले.

४ एप्रिल, शुक्रवार

आज एक गाडी आली. तार काढायला उठले आणि कपाटासमोर उभी राहिले. वरच्या फळीवर नवं रीळ. खालच्या कप्प्यात जुनं, काळ्या आवरणाचं, संपत आलेलं. ते फेब्रुवारीत जवळजवळ भरलेलं पाहिलं होतं मी.

दुसरं गिऱ्हाईक आलं, मामाने हाक मारली. ती गाडी सोमवारवर ढकलली. उद्या बघते.

५ एप्रिल, शनिवार

सगळं क्रमाने लिहिते. क्रम चुकला तर मलाच खरं वाटणार नाही.

सकाळी साडेनऊला नवं रीळ उलगडलं, दुकानाच्या फरशीवर मोजत गेले. ४ मार्चपासून सहा गाड्या झाल्या. चार मिस्त्रींनी केल्या, दोन मी. एका गाडीला पंधरा धरले तर नव्वद जायला हवेत, दहा उरायला हवेत.

उरलेत एकाहत्तर.

पुन्हा मोजलं. एकाहत्तर. म्हणजे गेले एकोणतीस. दंतवैद्यबाईंचे चौदा. भावोजींचे चौदा मीटर साठ आणि सांध्याचे चाळीस सेंटिमीटर — पंधरा. चौदा आणि पंधरा एकोणतीस.

मिस्त्रींनी या रिळाला हात लावलेला नाही. एकाही गाडीत नाही. खालचं जुनं वापरलं, आणि मी यायच्या आधी कापून ठेवलं.

त्यानंतर बराच वेळ मी ब्लेड शोधत होते. ब्लेड हातातच होतं.

एक तंतू घेतला आणि पात्याने खरवडला. वरचा तांबूस रंग पापुद्र्यासारखा निघाला. आत पांढरं. अॅल्युमिनियम, वर तांब्याचा मुलामा. दुसरा, तिसरा, दहावा. सगळे पांढरे.

जाडी अगदी बरोबर होती. मी फक्त जाडी मोजली.

तार थोडी जास्त तापली असती, एवढ्यावर भागलं असतं. पण अॅल्युमिनियम दाबाखाली हळूहळू पसरतं आणि सांधा सैल होतो. हवा लागली की वर पापुद्रा धरतं, त्यातून वीज नीट जात नाही. सैल झाला की तापतो, तापला की आणखी सैल होतो. पाच मीटरभर पसरलेले माझे अठरा वॅट मग पसरत नाहीत. एका जागी येतात. ती जागा मला ठाऊक आहे.

ताईला फोन लावला. ते उद्या पहाटे निघणार होते, तिच्या नणंदेकडे, पाच तासांचा रस्ता. पिटुकलीला गाण्यांशिवाय झोप लागत नाही म्हणून भावोजींनी गाणी भरून ठेवली होती.

मी म्हणाले, "ताई, गाडी सुरू करू नकोस. कुणालाच करू देऊ नकोस. मी येते."

ती म्हणाली, "तुझा आवाज असा का येतोय?"

स्कूटरवरून अकरा मिनिटं. एरवी पंचवीस लागतात.

६ एप्रिल, रविवार

काल पुढचं लिहिता आलं नाही.

गाडी खाली उभी होती. भावोजी हसत आले, काय मेहुणीबाई, वॉरंटी संपायच्या आत हजर. मी आधी बॅटरीची जोडणी सोडवली. मग पिटुकलीची खुर्ची सोडवून बाहेर काढली. तिच्या तळाचं प्लॅस्टिक एका जागी मऊ पडून आत गेलं होतं, अंगठ्याने लोणी दाबावं तसं. सीट उचलली. गालिचा दुमडला.

गालिच्याखालच्या कापसाच्या थराला तळहाताएवढं भोक. कडा काळ्या, कुरकुरीत. मधोमध माझा सांधा. टेप नव्हतीच — वितळून नळीवर थेंब झाले होते. नळीतून एक टोक ओढलं, ते अलगद हातात आलं.

सुगंधी झाडाचा पुठ्ठा आरशाला लटकत होता.

भावोजींनी एकदा पाहिलं आणि काही विनोद केला नाही. मला त्यांचा विनोद हवा होता. पाच वर्षांत पहिल्यांदाच.

ताई पिटुकलीला कडेवर घेऊन उभी होती. तिने वाकून ते भोक पाहिलं, मग खुर्ची पाहिली. खुर्चीचा खळगा बोटाने चाचपला.

"तू म्हणाली होतीस आकडे बसतात."

एवढंच. आत निघून गेली. मी सगळी तार उपटून काढली, पंधराच्या पंधरा मीटर. चारही सीटा काढाव्या लागल्या. बरोबर तीन तास लागले.

घरी स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक मीटर ठेवली, एकेरी, आवरण सोलून. तांब्याची असती तर बावीस ग्रॅम भरायला हवी. आठ भरली.

हलकी आहे गं पोरी.

८ एप्रिल, मंगळवार

मिस्त्रींच्या घरी गेले. दोन खोल्या, एका डोळ्यावर पट्टी, दुसरा दुधाळ. सुनेने चहा आणला. मी खिशातून दोन्ही रिळांतल्या तारेचे दोन तुकडे काढून त्यांच्या हातात ठेवले. त्यांनी ते बघितलेही नाहीत. चिमटीत फिरवले, एक माझ्याकडे परत दिला.

"ही आपली. ती टाकून द्या."

मी विचारलं, कळलं होतं तर बोलला का नाहीत.

"बोललो की. एकदा बोललो." चहाची बशी त्यांनी नीट कपाखाली सरकवली. "दुसऱ्यांदा बोलून परत भाजीवाला व्हायचं होतं का मी?"

त्यांना वाटलं होतं की गाड्या तर तेच करतात, तार तेच कापतात, नवं रीळ आपलं फळीवर पडून राहील. त्यांच्या सुट्टीच्या दिवशी आणि दुकान बंद असताना मी एकटी काम करते, हे त्यांच्या गावीही नव्हतं. म्हणून मी सांगितलं. भावोजींची गाडी, सांधा, कुठे होता, त्यावर कोण बसायचं.

त्यांचा हात कपावरून निघाला तो हवेत तसाच राहिला. सून आतून म्हणाली, बाबा, डोळ्याला पाणी लावायचं नाही हं.

निघताना दारापर्यंत आले, भिंत धरून. म्हणाले, हाताभर जास्त सोडली असतीस तर सांधा लागलाच नसता. तारेचा दोष नंतरचा.

ते "सोडली असतीस" म्हणाले. "असतीत" नाही. मला बरं वाटायला नको होतं, पण वाटलं.

९ एप्रिल, बुधवार

दंतवैद्यबाईंना बोलावून घेतलं. खरं ते सांगितलं: तार चुकीची बसवली, मी बसवली, बदलून देते. त्यांच्या गाडीत सांधा नव्हता, बासही नाही, काही तापलेलं नव्हतं. जुन्या रिळातली तार घातली. दर टोकाला हाताभर जास्त सोडली. बाई म्हणाल्या, आम्ही चुकीचा दात काढला तर असं बोलावून सांगत नाही. हसल्या. मलाही थोडं हसू आलं.

ते रीळ माळ्यावर ठेवलं. वर चिठ्ठी चिकटवली — वापरू नये. कात्री घेऊन सगळ्याचे वीत-वीत तुकडे करणार होते. मामा म्हणाला, तोडू नकोस, माल परत पाठवताना दाखवायला अख्खा लागेल. बरोबर आहे. पुरावा अख्खा असावा. माल देणारा फोन उचलत नाहीये. मामा म्हणतो, बघू.

भिंतीवरचा तक्ता काढून फाडला. तारेचा धातू तपासायचा रकानाच नव्हता त्यात. गल्ल्यामागच्या प्रतीही गोळा केल्या. मोजल्या. नऊ.

मामा म्हणाला, दहावी असेल कुठेतरी, कागद आहे तो, उंदराने खाल्ला असेल.

१२ एप्रिल, शनिवार

माल देणाऱ्याचा फोन आता लागतच नाही.

१४ एप्रिल, सोमवार

ताईचा फोन आला. नऊ दिवसांनी. स्वतः बोलली नाही, पिटुकलीच्या कानाला लावला. पिटुकली म्हणाली, "माशी, गार." मागून ताई म्हणाली, नवी खुर्ची आणली ते सांगतेय.

तेवढ्यावर आज झोप लागेल असं वाटतंय.

१७ एप्रिल, गुरुवार

माळ्यावर रीळ नाही.

मामाला विचारलं. तो पेपर वाचत होता. म्हणाला, अगं परवा तो फिरता आला होता ना, दुकानादुकानांतून उरलासुरला माल उचलून पुढे विकणारा, त्याला दिलं. माळ्यावर उगाच धूळ खात होतं. मी विचारलं, नाव काय त्याचं, फोन काय, कुठे नेतो. मामा म्हणाला, फिरता आहे तो, फिरत असतो. पुन्हा येईल सहा महिन्यांनी.

मी म्हणाले, त्यावर चिठ्ठी होती.

"ती काढली मी. चिठ्ठी बघून कोण घेईल? उलट तुझा तो तक्ता दिला सोबत, सहीचा. म्हणून तर त्याने एका शब्दानेही घासाघीस केली नाही. तुझं नाव झालंय आता, पोरी."

एकाहत्तर मीटर. एका गाडीला पंधरा धरले तर चार गाड्या होतात आणि अकरा मीटर उरतात.

संध्याकाळी घरी येताना सिग्नलला शेजारी एक गाडी थांबली. काचा वर. आत बास — माझ्या पोटात हलला. मागच्या सीटवर कोणीतरी होतं, लहान किंवा झोपलेलं, काळ्या जाळीतून दिसलं नाही. हिरवा लागला. मागचे हॉर्न वाजवायला लागले. मी स्कूटर स्टँडला लावली, उतरले आणि त्या काचेवर टकटक केलं.